चाळीसगावात बसून आखलेली मॉरिशसची गोल्फ सहल

गोल्फसाठी परदेशी जायचं असेल तर हॉटेल सगळ्यात शेवटी ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. आधी वारा बघायचा, मग उजेड, मग कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, आणि टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ. विमान आणि खोल्या त्याच्या मागून. मॉरिशसच्या आमच्या सहलीची आखणी मी याच क्रमाने केली आणि ती मनासारखी पार पडली. बहुतेक ट्रॅव्हल एजंट नेमकं उलट्या बाजूने सुरू करतात, म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहिते.

आमच्याविषयी थोडं. यजमान लष्करात होते. ज्या ज्या छावणीत बदली झाली तिथे बहुधा गोल्फ कोर्स असायचा, आणि तिथल्या बायकांच्या सकाळच्या खेळात मीही शिकले. निवृत्तीनंतर चाळीसगाव तालुक्यात घरच्या शेतीवर आलो. इथे कापूस आहे, थोडा ऊस आहे, पण खेळायचं म्हटलं की नाशिक नाहीतर पुणे गाठावं लागतं. धुळ्याचे भाऊसाहेब यजमानांच्याच युनिटमधले. तेही खेळतात. त्यांनीच एकदा विषय काढला की गुडघे शाबूत आहेत तोवर समुद्राकाठच्या कोर्सवर एकदा खेळून येऊ. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, मात्र खेळत नाहीत. त्यांनी अहिराणीत सरळ विचारलं, "तुम्ही खेळशात, मी काय करसू?" हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. खेळणारे तीन आणि न खेळणारं एक माणूस असेल, तर त्या एका माणसाचे दिवसही तितक्याच काळजीने आखायला हवेत.

बेट कोणतं, यावर बरीच चर्चा झाली. श्रीलंका जवळ आहे आणि तिथे गोल्फही जुना. रॉयल कोलंबो गोल्फ क्लब १८७९चा, त्याच्या मैदानातून चक्क रेल्वेचा रूळ जातो. पण आम्हाला मोकळीक मे महिन्यात आणि मेअखेर तिकडच्या नैऋत्य किनाऱ्यावर पावसाळा येऊन ठेपतो. शिवाय तिथले चांगले कोर्स एकमेकांपासून लांब, एक कोलंबोत, एक नुवारा एलियाच्या डोंगरात, एक हंबनटोटाला. बालीचे कोर्स सुंदर आहेत, पण आम्हाला सोयीचं थेट विमान नव्हतं आणि गोल्फची बॅग मधल्या विमानतळावर बदलली जाणं मला नको होतं. मालदीवला पूर्ण अठरा होलसाठी, म्हणजे बॉल खड्ड्यात घालायच्या अठरा टप्प्यांसाठी, पुरेल एवढी जमीनच बेटांना नाही.

मॉरिशस मात्र सगळ्या बाजूंनी जुळत गेलं. मुंबईहून थेट विमान, प्रवास सहा तासांच्या आसपास. घड्याळात दीड तासाचाच फरक, त्यामुळे झोपेचा खेळखंडोबा नाही. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि पुरेसे पैसे दाखवता आले पाहिजेत. बेटाचं क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरपेक्षा थोडं कमी, म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढं. एवढ्याशा जागेत जगातल्या नामवंत खेळाडूंनी आणि रचनाकारांनी आखलेले कितीतरी कोर्स. कुठूनही कुठे जायला फार तर दीड-दोन तास.

आता वारा. मॉरिशस दक्षिण गोलार्धात, त्यामुळे ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उकाडा आणि चक्रीवादळांचा काळ, त्यातही जानेवारी ते मार्च पावसाचे. मे ते ऑक्टोबर कोरडा, सौम्य हिवाळा. पण जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून व्यापारी वारे जोरात वाहतात आणि त्यांचा मारा पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर सगळ्यात जास्त. चांगले कोर्स तर पूर्वेलाच. म्हणून मे किंवा ऑक्टोबर हे दोन महिने उरले. ऑक्टोबरात आमची कापूस वेचणी सुरू होते, मजूर मिळवण्यातच जीव मेटाकुटीला येतो, तेव्हा घर सोडणं शक्य नाही. मे महिन्यात रब्बी उरकलेली असते आणि बागायती कापसाची लावण महिनाअखेरीला. पहिला पंधरवडा मोकळा. चाळीसगावात तेव्हा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो, आणि तिकडे किनाऱ्यावर दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस.

उजेडाचा मुद्दा कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगते. आपल्याला मे म्हटलं की संध्याकाळी सातपर्यंत उजेड गृहीत असतो. तिकडे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड. सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो आणि पावणेसहाच्या आत मावळतो. अठरा होलना साडेचार तास धरले, तर दुपारी एकनंतरचा टी-टाइम म्हणजे शेवटची दोन-तीन होल अंधारात. एका एजंटाने पाठवलेल्या पॅकेजमध्ये दोन दिवस दुपारी पावणेदोनचे टी-टाइम होते. त्याला विचारलं तर म्हणाला, मॅडम, दुपारचे स्वस्त पडतात. स्वस्त पडतात हे खरं, पण पूर्ण खेळ होणार नसेल तर त्या सवलतीचा उपयोग काय? शिवाय सकाळी वाराही सहसा कमी असतो. मी सगळे टी-टाइम सकाळी आठ-साडेआठचे मागायचे ठरवले आणि एजंटाचा नाद सोडून क्लबांना स्वतःच ईमेल लिहायला बसले.

कोर्स निवडताना मी बेटाचा नकाशा छापून भिंतीवर लावला आणि त्यावर वाऱ्याचा बाण काढला. पूर्वेला ईल ओ सेर्फ. हे मुख्य बेटाला लागून असलेलं छोटं बेट, त्यावर बर्नहार्ड लांगरने आखलेला अठरा होलचा कोर्स २००३ साली सुरू झाला. तिथे पॉइंट मॉरिसच्या धक्क्यावरून बोटीने जावं लागतं. त्याच किनाऱ्यावर अनाहिता, अर्नी एल्सने आखलेला, २००८चा. दक्षिणेला बेल ओंब्रचा हेरिटेज, पीटर मॅटकोविचची आखणी, २००४ साल; युरोपियन टूरवरची मॉरिशस ओपन स्पर्धा २०१५ साली सुरू झाली ती इथेच. पश्चिमेला तामारिना, रॉडनी राइटची आखणी. पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला, त्यामुळे तिथे पाऊसही कमी आणि वाराही. यावरून क्रम आपोआप ठरला. आधी पूर्व, मग दक्षिण, शेवटी पश्चिम. पूर्वेला वाऱ्याने एखादा दिवस खाल्ला तर पुढे सरकवायला जागा हवी, म्हणून अनाहितानंतरची सकाळ मोकळी ठेवली.

व्हाकोआचा जिमखानाही यादीत होता. १८४०च्या दशकात ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांसाठी सुरू झालेला क्लब. आयुष्य छावण्यांत काढलेल्या आम्हा लोकांना त्याचं आकर्षण वाटणारच. पण तो पठारावर आहे, तिथे पाऊस जास्त आणि आमच्या क्रमात बसत नव्हता. नुसता पाहून यायचं ठरवलं.

क्लबांना ईमेलमध्ये काय विचारायचं, हे महत्त्वाचं. त्या आठवड्यात ग्रीनची, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीची, डागडुजी आहे का, हा पहिला प्रश्न. ग्रीनला भोकं पाडून वाळू भरतात तेव्हा पुढचे काही दिवस पटिंगची, म्हणजे बॉल हळूच होलात ढकलण्याची, मजाच जाते, आणि ग्रीन फी, म्हणजे खेळायची फी, मात्र बहुधा पूर्ण घेतात. कार्ट, म्हणजे मैदानावर फिरायची छोटी गाडी, त्या फीमध्ये धरली आहे का. कोणत्या हॉटेलात राहिलं तर ग्रीन फी माफ होते किंवा कमी होते. हा प्रश्न इतका कामाचा आहे की त्याच्या उत्तरावरच आम्ही हॉटेलं निवडली. खोलीचं भाडं दिसायला जास्त, पण दोन खेळ त्यात धरलेले, असा हिशेब निघाला. हँडिकॅपचं, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचं, प्रमाणपत्र लागतं का, तेही विचारावं. काही ठिकाणी मागतात. आणि कॅडीविषयी, म्हणजे बॅग उचलणाऱ्या मदतनिसाविषयी. भारतात खेळणाऱ्यांना कॅडीची सवय असते. तो बॉल शोधतो, वारा सांगतो, उतार सांगतो. तिकडे कॅडी मिळेल असं धरून चालू नये. कार्ट स्वतः चालवायची, बॉल स्वतः शोधायचा. आणि बॉल हरवतात. ईल ओ सेर्फवर काळा ज्वालामुखी खडक, तिवरांची झाडी आणि तळी आहेत, तिथे गेलेला बॉल गेलाच. नवे महागडे बॉल न नेता मी पुण्याहून चांगल्या अवस्थेतले वापरलेले बॉल पिशवीभर मागवून घेतले.

उत्तरं यायला वेळ लागला, पण आली. मग मी एक तक्ता केला. उभ्या ओळीत दिवस, आडव्या ओळीत चार रकाने: टी-टाइम, निघायची वेळ, गाडी, वहिनी. ईल ओ सेर्फच्या दिवशी टी-टाइमपासून मागे मोजत गेले. सराव वीस मिनिटं, बोट, बोटीची वाट, गाडी, नाश्ता. साडेआठचा खेळ म्हणजे साडेसहाला खोलीतून बाहेर. हॉटेलचा नाश्ता तेव्हा सुरू होतो की नाही, हेही लिहून विचारलं. तीन गोल्फ बॅगा आणि चार माणसं साध्या मोटारीत बसत नाहीत, म्हणून ड्रायव्हरसकट व्हॅन ठरवली. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असली तरी पहाटे अनोळखी रस्त्यावर स्वतः गाडी हाकून लगेच खेळायला उभं राहणं या वयात बरं नाही.

वहिनींचा रकाना भरायला मला सगळ्यात जास्त आनंद झाला. ईल ओ सेर्फला त्या आमच्याबरोबरच बोटीने येणार, तिथला समुद्रकिनारा सगळ्यांसाठी खुला आहे. अनाहिताच्या दिवशी त्यांच्यासाठी वेगळी गाडी: पांप्लमूसची बाग, तिथली परातीएवढ्या पानांची कमळं, मग पोर्ट लुईचा बाजार आणि आप्रवासी घाट. मोकळ्या दिवशी सगळे मिळून गंगातलाव. पहाडातल्या त्या तळ्याजवळ १०८ फुटी मंगल महादेव उभा आहे. बेल ओंब्रच्या दिवशी शामारेलची रंगीत माती. तक्ता वाचल्यावर वहिनींनी त्यात स्वतःच्या हाताने दालपुरी लिहिली. रस्त्यावर गरम मिळणारी ही दालपुरी शाकाहारी माणसाचा मोठाच आधार आहे, हे त्यांनी कुठून तरी शोधून काढलं होतं.

आप्रवासी घाटाविषयी वाचत बसले आणि माझे दोन दिवस त्यातच गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी भारतातले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले, मजूर तिथे उतरले, आणि १९२०पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं त्या घाटावरून गेली, ऊसमळ्यांत राबायला. २००६ साली युनेस्कोने त्या जागेला जागतिक वारसा म्हटलं. त्यांत मराठी माणसंही होती, बरीचशी कोकणातली. त्यांची नातवंडं-पणतवंडं आज तिथे गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आमच्या तालुक्यातल्या तांड्यांवरून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला माणसं बिऱ्हाड पाठीवर टाकून ऊसतोडीला जातात. ट्रकमध्ये बसलेली त्यांची लेकरं मी पाहिलेली आहेत. ज्या हिरवळीवर आम्ही खेळणार होतो त्यातली बरीच जमीन एकेकाळच्या ऊसमळ्यांची. हे माहीत झाल्यावर घाट फक्त वहिनींच्या रकान्यात ठेवणं मला पटेना. मोकळ्या सकाळी आधी घाट, मग गंगातलाव, असं मी सगळ्यांसाठी बदललं. वहिनींना त्यामुळे घाट दोनदा पडला, त्यावर त्या म्हणाल्या की दोनदा जाण्यासारखीच जागा आहे.

सराव शेतात केला. कापूस संपून पऱ्हाटी उपटली की एक तुकडा रिकामा असतो. तिथे चार बल्ल्या रोवून हिरवी शेडनेट दुहेरी बांधली आणि काथ्याच्या पायपुसण्यावर बॉल ठेवून मारायला सुरुवात केली. काळ्या मातीवरून थेट मारू नये. उन्हाळ्यात ती दगडासारखी होते, मनगटाला झटका बसतो आणि क्लबचं, म्हणजे खेळायच्या काठीचं, तोंडही खराब होतं. आमचे सालदार पहिल्या दिवशी बांधावर उभे राहून बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, हाई काय शे?" मी त्यांच्या हातात क्लब दिला. त्यांचा पहिलाच फटका नेटच्या मधोमध गेला.

खरा सराव वाऱ्यातला. खानदेशात एप्रिल-मेच्या संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो, तोंडावर धूळ येते. त्याच वाऱ्याकडे तोंड करून आम्ही खालून जाणारा शॉट घोटला. बॉल नेहमीपेक्षा थोडा मागच्या पायाकडे, क्लब दोन बोटं खाली पकडायचा, एक नंबर लांबचा घ्यायचा, म्हणजे सातऐवजी सहा, आणि झोका पाऊणच. जोर लावायचा नाही. जोर लावला की बॉल जास्त फिरतो आणि वर चढतो, मग वारा त्याला हवा तिकडे नेतो. यजमानांना हे पटायला वेळ लागला, कारण वारा समोर दिसला की माणसाचा हात आपोआप जोर लावतो.

सामान बांधताना शेतीचा फार उपयोग झाला. विमान कंपनीच्या वजनाच्या मर्यादेत बॅग बसवायला कापसाचा वजनकाटा काढला. नियमाप्रमाणे चौदाच क्लब नेता येतात खेळायला, त्यातलेही दोन मी घरी ठेवले. ड्रायव्हर नावाच्या सगळ्यात लांब क्लबचं डोकं सोडवून टॉवेलात गुंडाळलं आणि बॅगेच्या मधोमध ड्रायव्हरपेक्षा चार बोटं लांब असा पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा घातला. बॅग उलटी आपटली तर मार पाइपवर बसतो, क्लबांच्या दांड्यांवर नाही. बांबूही चालला असता, पण बाहेरून वनस्पती, बिया, फळं आणण्याबाबत मॉरिशस कडक आहे, म्हणून प्लास्टिकच बरं. त्याच कारणाने बुटांच्या तळाची काळी माती दात घासायच्या ब्रशने काढली. अंतर मोजायच्या यंत्राच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात. फराळात केळीचे वेफर्स आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी.

आणखी एक काम मुंबई विमानतळावर करायचं असतं: महागडे क्लब असतील तर जाताना सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. परत येताना हे तिकडे विकत घेतले नाहीत, हे सिद्ध करायला ते लागतं. बिलं आणि नंबर यांची यादी बरोबर हवी आणि अर्धा-पाऊण तास हाताशी हवा. सहलीचे पैसे भरताना टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, कापला गेला तर त्याची पावती जपून ठेवावी, विवरणपत्रात तो भरायच्या करातून वळता होतो. हॉटेलं आणि क्लब बरेचदा युरोत दर सांगतात. सगळे दर एकाच चलनात मांडल्याशिवाय तुलना करू नये.

मालेगाव-नाशिकवरून मुंबईला गाडीनेच गेलो, रेल्वेत त्या लांब बॅगांचा त्रास नको म्हणून. उतरलो त्या दिवशी काहीच खेळ ठेवला नव्हता, आणि ते फार बरं झालं. ईल ओ सेर्फला बोटीतून उतरलो तेव्हा वारा अगदी मंद होता. दहाच्या पुढे तो वाढला आणि शेतात घोटलेला खालचा शॉट तेव्हापासून शेवटपर्यंत कामाला आला. भाऊसाहेबांनी पाण्यावरून मारलेला एक बॉल ग्रीनवर जाऊन थांबला, त्यावर त्यांनी दोन्ही हात वर केले ते बराच वेळ खालीच येईनात. बॉल मात्र आम्ही तिघांनी मिळून भरपूर पाण्यात घातले. अनाहिताची शेवटची होल समुद्राच्या कडेने जातात; तिथे मला यजमानांपेक्षा दोन फटके कमी लागले. तामारिनाला आडोसा होता, पायही दमलेले होते, आणि शेवटी सोपा दिवस ठेवल्याचं समाधान वाटलं. घाटावर मात्र आम्ही फारसं बोललो नाही. दगडी पायऱ्यांपाशी वहिनींनी पदर डोक्यावर घेतला.

आता जळगावचा माझा भाचा मित्रांबरोबर जाणार आहे, ऑक्टोबरात. पुण्याच्या नोकरीत त्याला हा नाद लागला. माझा तक्ता त्याने मागून नेला, पण तो तसाच वापरून चालणार नाही. ऑक्टोबरात तिकडे सूर्य सहाच्या आत उगवतो आणि सहाच्या नंतर मावळतो, म्हणजे टी-टाइम साडेसातला घेता येईल आणि दुपारी बाराचाही चालेल. ऊन वाढलेलं असेल, पाणी जास्त न्यावं लागेल. पूर्वेच्या वाऱ्याचा जोर ओसरायला लागलेला असला तरी गेलेला नसतो. आपल्याकडे मात्र ऑक्टोबरात पानही हलत नाही, म्हणून वाऱ्यातला शॉट त्याने आत्ताच, पावसाळा सुरू व्हायच्या आत, संध्याकाळचा आमच्या शेतावर येऊन पक्का करून घ्यावा असं मी त्याला सांगितलं आहे. नेट अजून बांधलेली आहे.